मदत हवी आहे : राजीनामा देऊ की चौकशीला सामोरा जाऊ?

नमस्कार मंडळी. चाकणला एका कारखान्यात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) ऑपरेटर आहे. नोकरीला ४ वर्षं ९ महिने झाले, पर्मनंट आहे. मागच्या दिवाळीपासून कमरेच्या मणक्याची गादी सरकली आहे. आठ तास उभं राहिलं की डावा पाय बधिर होतो, आणि नाईट शिफ्टनंतर बसमधून उतरताना खांब धरावा लागतो.

त्यामुळे उशीर झाला, खाडे झाले. मान्य आहे, दोनदा न कळवता घरी राहिलो, ती चूक माझीच. पण बाकीच्या दिवसांची ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) डॉक्टरांची सर्टिफिकेटं दिली आहेत. तरी दोन वॉर्निंग लेटर झाली आणि आता कारणे दाखवा नोटीस आली आहे. एचआरचे साहेब प्रेमाने सांगतात, "राजीनामा दे, कागद स्वच्छ राहतील. चौकशी लागली तर डिसमिस." बसून करायचं काम मागितलं तर "जागा नाही". (स्टोअरमध्ये परवाच नवीन माणूस घेतला!)

ईएसआयमधून आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो आणि तो घेत असताना कामावरून काढता येत नाही, एवढं मला माहीत आहे. पण सर्टिफिकेट संपल्यावर काय? ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी रक्कम) पाच वर्षं लागतात. शेवटच्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं म्हणतात, ते कुणाला खरंच मिळालंय का? राजीनाम्यात "तब्येतीमुळे" असं लिहिलं तर पुढे अडचण येते का?

नोटिशीला उत्तर द्यायला चारच दिवस आहेत. युनियन नाही. पुण्यात कामगारांच्या बाजूने लढणारे वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा.