शब्दचर्चा: झुलूंची ‘टोळी’ का?

पाटीपेन्सिल: सातवीतल्या लेकीचा प्रकल्प बघत होते. लिहिलंय, ‘दक्षिण आफ्रिकेत झुलू नावाची टोळी राहते.’ मी ‘टोळी’ खोडून ‘जमात’ केलं, मग तेही खोडलं. ‘ट्राइब’ला मराठीत म्हणायचं तरी काय?

उंबरठा: जमात चालेल की. अनुसूचित जमाती म्हणतोच आपण.

शब्दखुळा: चालेल, पण ‘टोळी’ का खटकली ते आधी बघू. दरोडेखोरांची टोळी, पाकीटमारांची टोळी, वानरांची टोळी. हा शब्द आपण एका अख्ख्या समाजाला लावतो तो आफ्रिकेत, फार तर अफगाणिस्तानात. कन्नडिगांची टोळी कुणी लिहिल्याचं आठवतंय?

झुलू बोलणारे एक कोटीहून जास्त आहेत. जानेवारी १८७९ मध्ये इसांडलवानाच्या लढाईत त्यांनी इंग्रजांच्या फौजेतले तेराशेवर लोक एका दिवसात मारले. ते लढले पेंढाऱ्यांसारखे जमून नव्हे. ती राज्याची फौज होती, वयानुसार लावलेल्या पलटणींची. या पलटणींना ‘अमाबुथो’ म्हणतात आणि ढालींच्या रंगावरून त्या ओळखू यायच्या.

नायजेरियातल्या योरुबांचं इफे हे जुनं शहर घ्या. तिथली मस्तकं पाच-सातशे वर्षांपूर्वीची, तांब्या-पितळेत ओतलेली. काहींच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक उभ्या रेघा. फोटो मोठा करून बघा, ओठांच्या कडासुद्धा किती जपून केल्यात. १९१० साली लिओ फ्रोबेनिअस हा जर्मन संशोधक तिथे गेला आणि हे इथल्या लोकांचं काम नव्हेच, प्राचीन ग्रीकांची कुठलीतरी बुडालेली वसाहत असणार, असं ठरवून मोकळा झाला. डोक्यात टोळी बसली की समोरचा ओतारी दिसत नाही तो असा.

उसाचा फड: थांबा जरा. टोळी इतकी वाईट नाही हो. आमच्याकडे दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादम, कोयते, बैलगाड्या, कच्च्याबच्च्यांसकट. त्यांना टोळी म्हणण्यात कुणी हिणवत नाही.

शब्दखुळा: मान्य, हा वापर माझ्या ध्यानातच आला नव्हता. पण बघा, हंगाम संपला की ती टोळी पांगते. टोळी कामापुरती जमते, कुणीतरी म्होरक्या असतो. योरुबा चार कोटींच्या घरात आहेत, ते कुठे पांगणार?

उंबरठा: १९९४ मध्ये रवांडातल्या हत्याकांडाच्या बातम्या वाचायचो तेव्हा ‘हुतू आणि तुत्सी टोळ्या’ असंच डोक्यात बसलं. फार नंतर कळलं की दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. गावं एकच, देवळं, म्हणजे चर्चही एकच. १९३० च्या दशकात बेल्जियन सरकारने ओळखपत्रांवर कोण हुतू, कोण तुत्सी हे छापून टाकलं, आणि हत्याकांडात नाक्यानाक्यावर तेच कागद तपासले गेले. ‘टोळीयुद्ध’ म्हटलं की हा कागद मधून गायबच होतो.

खारं वारं: एक गंमत. ‘ट्राइब’ला स्वाहिलीत ‘कबिला’ म्हणतात, मूळ अरबी. तोच शब्द आपल्याकडे कुटुंबकबिल्यात आहे! त्यांचा अख्खा समाज, आपली घरची माणसं.

आणि ‘हबशी’ही जोडा यात. मी मुरुडकडची, जंजिऱ्याच्या मुलखाला जुनी माणसं हबसाण म्हणत. आपल्या तोंडी हबशी म्हणजे नुसता काळा धिप्पाड माणूस. इथिओपिया-एरिट्रियातले कितीतरी लोक आजही स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर तिकडचाच. या हबेशांची लिपीही पाहा: एकाच अक्षराची स्वरानुसार सात रूपं. आपली बाराखडी, त्यांची ‘सातखडी’. (शब्द माझा, हसू नका.)

पाटीपेन्सिल: ‘झुलू लोक’ केलं. पण खाली तिने राजा शाकाला ‘टोळीप्रमुख’ लिहिलंय.

शब्दखुळा: सातारच्या गादीला कुणी टोळीप्रमुख म्हटलं तर काय होईल ते तिला विचारा.

पाटीपेन्सिल: विचारलं. रबर शोधतेय.