कोंबड्यांचं खाद्य: दिवसभर समोर की दोन वेळा मोजून?

पाटीभर अंडी:
परसात पाच-दहा कोंबड्या अंड्यांसाठी असतील, तर तयार लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं) दिवसभर समोर असावं, असं माझं ठाम मत. धान्याची मूठ फक्त संध्याकाळी, तीही एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत.

हिशोब बघा. अंड्यावरची मध्यम बांध्याची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. खाद्यात १७ टक्के प्रथिनं आणि ४ टक्के कॅल्शियम असेल, तर तिच्या पोटात १८.७ ग्रॅम प्रथिनं आणि ४.४ ग्रॅम कॅल्शियम जातं. एका कवचाला २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, आणि खाल्लेल्यातलं जेमतेम निम्मं अंगी लागतं. आता त्यातलं ३० ग्रॅम काढून मका घाला. कॅल्शियम आलं ३.२ ग्रॅमवर, प्रथिनं सोळाच्या घरात. मग कवच पातळ निघालं की बोल खाद्याला!

भरडाच बरा:
मक्याचा हिशोब मान्य, दिवसभर भरलेलं भांडं अमान्य. एक तर ती उंदरांची पंगत. दुसरं, भरडा म्हणजे जाडसर दळलेलं खाद्य सतत समोर असलं की कोंबडी मक्याचे जाड कण वेचते आणि तळाशी पिठूळ भुकटी साचते. जीवनसत्त्वं आणि खनिजं नेमकी त्या भुकटीत असतात. लोक ती शिळी समजून फेकतात आणि वर ताजा भरडा ओततात.

माझ्या मते सकाळी ४० आणि दुपारी चारनंतर ७० ग्रॅम द्यावं. कवच मुख्यतः रात्री चढतं, म्हणून संध्याकाळचं माप मोठं. दिवसातून एकदा भांडं चाटूनपुसून साफ झालंच पाहिजे. कोण खात नाही तेही तेव्हाच कळतं.

पाटीभर अंडी:
मोजून घालायचं तर सगळ्यांना एकाच वेळी चोच घालता यायला हवी. लांबट भांड्याला कोंबडीमागे १० सेंटिमीटर कड धरा. दोन्ही बाजूंनी खाता येत असेल तर दोन्ही कडा मोजा. सहा जणींना वीतभर भांडं ठेवलं की दबकी कोंबडी मागेच राहते, आणि तिच्या वाट्याला तीच तुमची भुकटी!

उंदरांचं म्हणाल, तर अंधारात कोंबड्या खात नाहीत. रात्री भांडं उचलून झाकणाच्या डब्यात ठेवा.

जुगाडू:
दोघेही सांडण्याबद्दल गप्प. कोंबडी खाताना चोच डावी-उजवीकडे झटकते, आणि सगळ्यात जास्त खाद्य तिथेच वाया जातं. भांड्याची कड तिच्या पाठीच्या उंचीला आणा, भांडं एक तृतीयांशच भरा आणि कडेला आतल्या बाजूने वळवलेली पट्टी असू द्या.

पायदाबाचं भांडं (कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडतं ते) घेणार असाल, तर आधी आठवडाभर झाकण पूर्ण उघडं बांधून ठेवा, मग अर्धं, मग सोडा. हलक्या जातीची कोंबडी दाबपट्टीवर उभी राहिली तरी तिच्या वजनाने झाकण उचललं जात नाही. एक उतरली की ते दुसरीच्या मानेवर आदळतं, म्हणून सावकाश मिटणारंच घ्या.

पाइपच्या भांड्यात भरडा घालू नका. तो कोपऱ्यात कमान धरतो, वरून पाइप भरलेला दिसतो आणि खाली कोंबड्या उपाशी. तिथे गोळी खाद्यच, म्हणजे दाबून गोळ्या केलेलं खाद्यच चालतं. तोंडावर छप्परही हवं. भिजून बुरशी धरलेलं खाद्य उन्हात वाळवून परत वापरू नका. बुरशीचं विष वाळवण्याने जात नाही.

तलंगांचं काय?:
लेअर खाद्य सरसकट सगळ्यांना घालू नका. पहिल्या अंड्याच्या कितीतरी आधीपासून तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना) ४ टक्के कॅल्शियम मिळत राहिलं, तर मूत्रपिंडं बिघडतात. साधारण १८ आठवडे किंवा पहिलं अंडं, तेव्हा बदला. लहानमोठ्या एकत्र असतील, तर सगळ्यांना १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियमचं वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरची आपण होऊन खाते. चुरा जाडसर हवा: चुन्याची पूड लवकर पुढे सरकते, जाड तुकडा पेषणीत (खाणं दळणाऱ्या पोटाच्या भागात) अडकून रात्रभर विरघळत राहतो.

आणि खडे म्हणजे चुरा नव्हे. ते दळायला लागतात, विरघळत नाहीत. मोकळं फिरणारीला ते जमिनीत मिळतात. कोंडलेलीला अख्खं धान्य घालत असाल तर द्यावे लागतात.

भरडाच बरा:
गोळीने वेचणं थांबतं, कबूल. पण गोळी झटपट खाऊन होते, आणि कोंडलेल्या कोंबडीची रिकामी चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. तिथे भरडाच, आणि मानेच्या उंचीला पाल्याची जुडी टांगा.

पाटीभर अंडी:
मोकळ्या सुटणाऱ्यांना गोळी, कोंडलेल्यांना भरडा. एवढं मानतो. दोन वेळांचं मात्र अजून पटत नाही. उन्हाळ्यात कोंबडी भर दुपारी तोंड लावत नाही, पहाटे गारव्यात खाते, आणि त्या वेळी तुमचं भांडं रिकामं असतं.

भरडाच बरा:
मग उन्हाळ्यात मोठं माप पहाटेचं करा. भांडं दिवसभर भरायची गरज तरीही नाही.