कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायची जबाबदारी कुणाची, आपली का फिटिंगवाल्याची?

उद्यमनगरकर
कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत गल्लोगल्ली कॅमेरे लागलेत, चांगलंच आहे. पण मी जिथं जिथं बघितलं तिथं डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) युजर अ‍ॅडमिन, पासवर्ड पण अ‍ॅडमिन नाहीतर १२३४५६, आणि मालकाला मोबाईलवर दिसावं म्हणून फिटिंगवाल्यानं राऊटरमधला पोर्ट (नेटवरनं आत यायची वाट) उघडून ठेवलेला, म्हणजे लॉगिनचं पान जगात कुणालाही दिसतंय. २०१६ मध्ये मिराई व्हायरसनं ह्याचाच फायदा घेतला. कंपनीतनं येतात तसल्या साठेक युजर-पासवर्डच्या जोड्या त्यात होत्या, तेवढ्यावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर ताब्यात गेले. २१ ऑक्टोबरला ते सगळे एकदम मागण्यांचा मारा करायला डाइन कंपनीवर सोडले. साईटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी ही कंपनी, ती आडवी झाल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास धड चालेनात. ज्यांचे कॅमेरे वापरले त्यांना पत्ताच नाही. माझं म्हणणं एवढंच, पासवर्ड बदलून कागदावर लिहून दिल्याशिवाय फिटिंगचं बिल देऊ नका.

शाहूपुरीतला डीलर
सगळं आमच्यावर ढकलू नका दादा. बदलून देतो की आम्ही. चार महिन्यांनी फोन येतो, पासवर्ड विसरलो, मोबाईल बदलला, आता काय दिसंना. मग कागल नाहीतर गारगोटीला पोरगं पाठवायचं, डीव्हीआर रिसेट करायचा, सगळी सेटिंग परत करायची आणि व्हिजिटचे पैसे मागितले की भांडण. म्हणून बरेच जण सगळ्या गिऱ्हाईकांना एकच पासवर्ड ठेवतात.

उद्यमनगरकर
हे तर जास्त धोक्याचं आहे. एका दुकानातला फुटला की तुमची सगळी गिऱ्हाईकं उघडी पडली.

गुजरीवाला
माझा कॅमेरा चोरीसाठी हाय. अमेरिकेतली साईट बंद पडली तर माझं काय गेलं? दिवसभर गिऱ्हाईक बघायचं का हे बघत बसायचं?

बावड्याची आयटीवाली
काका, तुमचंही जातंय. जो डीव्हीआरमध्ये शिरला त्याला तुम्ही तिजोरी कधी उघडता, किल्ली कुठं ठेवता ते सगळं दिसू शकतंय. आणि लांबची गोष्ट म्हणाल तर जुलै २०१७ मध्ये आपल्याच देशात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला होता, लोकांचं नेट बंद पडलं आणि कंपनीला सांगायला लागलं की मोडेमचा आधीपासूनचा पासवर्ड बदला.

गुजरीवाला
मग रात्री बंद करून सकाळी चालू केलं तर?

बावड्याची आयटीवाली
मिराई मेमरीत राहतो, बंद केलं की जातो खरं. पण पासवर्ड तोच असला तर काही मिनिटांत परत शिरतो, कारण ताब्यातली बाकीची यंत्रं नेटवर सारखी असलीच उघडी यंत्रं शोधत असतात.

मंगळवार पेठेतला वकील
मला उद्यमनगरकरांचं पटत नाही. गिऱ्हाईकानं बिल अडवायचं कशाला, जबाबदारी माल बनवणाऱ्याची. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून असले सोपे कॉमन पासवर्ड घालून माल विकायला कायद्यानं बंदी केली. आपल्याकडं पण एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही लॅबमधनं तपासून घ्यायचा नियम आलाय. हल्ला करणाऱ्याला शोधून काढणं तर अजून अवघड. मिराई लिहिणाऱ्या तिघा पोरांनी डिसेंबर २०१७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, पण त्याच्या आधीच व्हायरसचा कोड नेटवर उघडा टाकलेला, मग कुणीही उचलून वापरला. आणि हल्ल्यात नेटवरचा पत्ता दिसतो तो कॅमेरा ज्याच्या भिंतीवर आहे त्याचा, तपास आला तर पहिला प्रश्न त्या बिचाऱ्यालाच.

शाहूपुरीतला डीलर
वकीलसाहेब, नियम नव्या मालाला. भिंतीवर आधीच बसलाय तो माल काय करायचा? कितीतरी जुन्या मॉडेलला कंपनी आता अपडेटच देत नाही.

उद्यमनगरकर
म्हणून तर फिटिंगवाला धरतोय मी. कंपनी सापडणार नाही, तो गल्लीत सापडतो. जुन्या गिऱ्हाईकाकडं एक चक्कर मारायची, पासवर्ड बदलायचा, पोर्ट बंद करायचा, त्याचे पैसे घ्या, आम्ही नाही म्हणत नाही.

गुजरीवाला
पोर्ट बंद केला तर मोबाईलवर दुकान दिसंल काय?

शाहूपुरीतला डीलर
दिसंल. बऱ्याच डीव्हीआरला कंपनीचं अ‍ॅप असतंय, क्यूआर स्कॅन केला की झालं, पोर्ट लागत नाही. पण मग जोडणी कंपनीच्या सर्व्हरमधनं होते, तेवढा भरवसा ठेवायचा का नाही ते तुम्ही ठरवा. आणि अ‍ॅपचा पासवर्ड तरी दुकानातल्या पोरांना देऊ नका.