डिसेंबरात अंदमान, बाबांचे गुडघे आणि माझा गच्च बेत

पार्लेकर_पश्चिम:
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला निघतोय. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि बाबा (वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात). बाबा फक्त सावरकरांच्या कोठडीसाठी तयार झालेत, नाहीतर 'समुद्र जुहूला पण आहे' असं चाललं होतं. बेत असा: पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर आणि जेल, दुसऱ्या दिवशी बाराटांग (चुनखडीच्या गुहांचं बेट), मग दोन रात्री हॅवलॉक, एक रात्र नील. सहाव्या दिवशी सकाळच्या बोटीने परत आणि दुपारी दीडचं चेन्नईचं विमान. लेकीला स्कूबा करायचंय. काही चुकतंय का?

लोकल_प्रवासी:
तिकिटावर 'श्री विजयपुरम' दिसलं तर दचकू नका, ते पोर्ट ब्लेअरच. २०२४ मध्ये नाव बदललं. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. बोलताना मात्र सगळे जुनीच नावं घेतात.

माहीमची_मावशी:
अरे, आधी तो शेवटचा दिवस बदल. आम्ही हेच केलं होतं. आदल्या संध्याकाळी वारा सुटला, सकाळी नीलच्या जेटीवर बॅगा घेऊन उभे, तर बोट रद्द. विमान गेलं, नवी तिकिटं काढली आणि आमच्या ह्यांनी माहीमला पोचेपर्यंत माझ्याशी धड बोलणं केलं नाही. भाऊच्या धक्क्याची लाँच चुकली तर माणूस पुढची पकडतो, तिकडे तसं नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढ.

बाराटांग सरळ काप. पहाटे तीन-चारला निघायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं (फोटो काढायला सक्त बंदी, आणि ते बरोबरच आहे), मग बोट, मग गुहेपर्यंत चालत. बाबांचे गुडघे परतीला तुझ्या खांद्यावर येतील.

आणि सूर्य! घड्याळ आपलंच, सूर्य आपला नाही. अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारालाच सूर्य बुडतो. आम्ही हॉटेलात चहा-बिस्किटं आटपून साडेपाचला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला उतरलो. अंधार गुडूप, एक कुत्रं आणि सामान आवरणारा शहाळेवाला. त्याने विचारलं, 'मुंबई से?' पहाटे पाचला उठायची तयारी ठेव, दिवस तिथेच सुरू होतो.

जेलचं सांगते. सातपैकी तीनच विंग उरल्यात. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या पार टोकाला. जिने आहेत, तेव्हा बाबांना सकाळी ताजे असताना ने. पोचल्या दिवशी प्रवासाने थकलेले असताना नको. खोली साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद. ह्यांनी आत उभं राहून हातांनी मोजली आणि म्हणाले, 'आमच्या चाळीतली खोली याहून फार मोठी नव्हती, पण दाराला कडी आतून होती.' मग कितीतरी वेळ गप्प. सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात होते, हेही बाबांना ठाऊक असेलच.

नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीला बघायचा असतो. मी कोळ्याघरची, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तोंडपाठ. तो हिशेब तिथे साफ गंडला, तेव्हा वेळ हॉटेलवाल्यालाच विचार. दगड निसरडे आहेत, बाबांना वाळूवरच खुर्ची दे.

ठाण्याचा_पाणबुड्या:
स्कूबाला बहुतेक ठिकाणी किमान दहा वर्षं पूर्ण लागतात. लेकीला स्नॉर्केलिंग किंवा काचेच्या तळाची बोट चालेल. तुम्ही डाइव्ह केलीत तर विमानाआधी १८ तास मोकळे ठेवा. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, नाहीतर वर हवेचा दाब कमी झाल्यावर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून हॅवलॉकलाच उरका. शंख-पोवळी गोळा करून आणू नका, विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

पार्लेकर_पश्चिम:
मावशी, बाराटांग कापलं. आता हॅवलॉक दोन, नील एक, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर आणि जेल दुसऱ्या दिवशी सकाळी. लेक दहाची व्हायला चार महिने कमी म्हणून रुसून बसलीय. बाबांना पाचच्या सूर्यास्ताचं सांगितलं, तर म्हणाले, 'म्हणजे जेवण साताला मिळेल ना?'