हालोलजवळ सापडलेला काळपट हिरवा तुकडा: पावागढचा पिचस्टोन की भट्टीतली काच? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. पावसाळा सरल्यावर हालोलकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याला एका कोरड्या ओहोळात हा तुकडा सापडला. फोटो जोडलेत. भूशास्त्रातलं कोणी इथे असेल तर जरा वेळ काढून पाहा, कारण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. शेजारच्या काकूंच्या मते राशीचा खडा आहे, अंगठीत बसवून घ्या. सराफाने भिंगातून पाहिलं आणि ‘काच आहे’ म्हणून परत दिला.

सराफ बरोबरच असेल. पण काच कुठली? पावागढ हा दख्खनच्या लाव्ह्याचा डोंगर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खाली बेसाल्टचे थर आहेत, पण माथ्याकडे र्‍हायोलाइट (फिकट रंगाचा, सिलिका जास्त असलेला ज्वालामुखी खडक) आणि पिचस्टोन सापडतो. पिचस्टोन म्हणजे लाव्हा झटकन थिजून, स्फटिक धरायला वेळच न मिळाल्यामुळे झालेली काच. ओहोळाचं पाणी त्याच बाजूने येतं. उलट हालोलला कारखानेही भरपूर, आणि रस्त्याच्या भरावात कुठला माल येऊन पडतो याचा नेम नाही.

घरी जमलं तेवढं तपासलं. वजन ८४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि तुकडा दोऱ्याने बांधून, तळाला टेकू न देता पूर्ण बुडवला. काट्याने ३५ दाखवले, म्हणजे तुकड्याने बाजूला सारलेलं पाणी ३५ ग्रॅम. ८४ भागिले ३५, म्हणजे घनता २.४. पिचस्टोनची घनता याच्याच आसपास असते, खिडकीच्या काचेची २.५. माझा काटा ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, आणि ३५ च्या जागी ३४ धरले तर उत्तर २.४७ येतं! त्यामुळे याहून जड असलेला बेसाल्ट बाद झाला, एवढंच. अकीकही नाही: खंबातहून आणलेला अकीकाचा मणी घरात आहे, त्याच्या टोकाने या तुकड्यावर स्पष्ट ओरखडा उठतो.

खरा घोळ आतमध्ये आहे. तुटलेली बाजू वक्र, लाटालाटांची आहे. ती तर दोन्ही काचांना शोभते. पातळ कडेमागे मोबाइलचा टॉर्च धरला की रंग बाटलीसारखा हिरवा दिसतो. भिंगातून दोन गोल बुडबुडे दिसतात, म्हणून मन भट्टीकडे झुकतं. पण त्यांच्या शेजारीच पांढरे, कोनदार कण आहेत (तिसरा फोटो मोठा करून बघा). हे फेल्डस्पारचे (लाव्ह्याच्या खडकांत नेहमी आढळणाऱ्या खनिजाचे) स्फटिक असतील तर दगड नैसर्गिक. पण भट्टीतल्या काचेतही न वितळलेली रेती किंवा विटेचा चुरा अडकून राहतो, आणि ज्वालामुखीच्या काचेतही बुडबुडे असू शकतात. शिवाय इतक्या जुन्या काचेत काळ लोटता लोटता बारीक स्फटिक धरतात, ती निस्तेज होते. आमचा तुकडा आतून अगदी ताजा वाटतो. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा एकमेकींना आडव्या धरून मध्ये पातळ कड ठेवली, तर काच काळी राहून स्फटिक उजळतात असं वाचलंय. एवढ्या बारीक कणांना ही युक्ती लागू पडेल का? महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दाखवायचा विचार आहे, पण सूक्ष्मदर्शकासाठी ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप लागतो आणि भाचा तुकडा कापू द्यायला तयार नाही. मोडलेल्या कडेची एखादी चिप पुरेल का?

आणि कोणाकडे पावागढचा खात्रीचा पिचस्टोन असेल तर त्याच्या तुटलेल्या बाजूचा उन्हातला फोटो टाका, शक्यतो शेजारी नाणं ठेवून. शेजारी ठेवून ताडून पाहता येईल.