मदत हवी आहे: छोट्या कॅबिनेटमध्ये बसेल असं ग्राफिक्स कार्ड कोणतं?

परळची_मेघना:
काल लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणलं आणि ते बसतच नाहीये!! स्लॉटमध्ये जातं पण मागची पत्र्याची पट्टी वर बाहेर राहते, झाकण लागत नाही. दुकानदार म्हणाला होता सगळ्यात बसतं, आता म्हणतो सोमवारपर्यंत आणा, बदलून देतो. मग दुसरं कोणतं आणू? प्रोफेशनलच हवंय, गेमिंगचं नको. लवकर सांगा प्लीज, गुरुवारी क्लायंटला वॉकथ्रू, म्हणजे इमारतीची कॉम्प्युटरवरची फेरी, दाखवायचाय आणि झोप उडालीय माझी.

निनाद७:
मशीन कुठलं, सॉफ्टवेअर कुठलं, पॉवर सप्लाय किती वॅटचा, बजेट किती? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही, सांगणार कसं?

परळची_मेघना:
सेकंडहँड ब्रँडेड आहे, मॉनिटरखाली आडवं ठेवतात ना तसलं चपटं. रेव्हिट (इमारतीचं मॉडेल बनवायला) आणि एन्स्केप (त्याचा वॉकथ्रू दाखवायला). चाळीस हजारांपर्यंत, थोडं वर गेलं तरी चालेल.

केदार_डोंबिवली:
सरळ आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं घ्या. ७० वॅट, वेगळी पॉवर वायर लागत नाही, लो प्रोफाइलमध्ये, म्हणजे कमी उंचीचं, पण मिळतं. प्रोफेशनल म्हटलं की उगाच जास्त पैसे घेतात, मी दोन वर्षं हेच वापरतोय, काही अडलेलं नाही.

स्थपती_ठाणे:
उगाच नाही हो केदार. प्रोफेशनल कार्डाचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) सॉफ्टवेअर कंपन्यांनी तपासून पास केलेले असतात. आमच्या ऑफिसात चार मशीनना आरटीएक्स ए२००० आहे, १२ जीबीवालं, सबमिशनच्या रात्री कधी दगा दिला नाही. डोळे झाकून तेच घ्या.

केदार_डोंबिवली:
ड्रायव्हरचं सॉलिडवर्क्सवाल्यांना (मशीनचे भाग डिझाइन करणाऱ्यांना) सांगा, तिथे फरक पडतो हे मान्य. यांना रेव्हिट चालवायचंय, त्याचा बराचसा भार प्रोसेसरवरच असतो. कार्ड लागतं ते एन्स्केपला आणि एन्स्केप गेमिंग कार्डावर मस्त पळतं.

नलूमावशी:
मेघना, पावसाळ्यात मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नकोस हो, रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसायचे. मुंबईच्या दमट हवेत फार होतं हे. माझ्या लेकाने शेवटी लॅपटॉपच घेतला, तू पण तेच का करत नाहीस?

निनाद७:
ए२००० किंवा ३०५० सांगण्याआधी एक गोष्ट बघायला हवी. ए२००० लो प्रोफाइल आहे खरं, पण दोन स्लॉट जाड. त्यानंतरचं २००० एडा पण तसंच, १६ जीबीचं. लो प्रोफाइल ३०५० सुद्धा बहुतेक दोन स्लॉटचीच. मेघना, मशीन बंद करून वायर काढा, झाकण उघडा आणि लांब स्लॉटला लागून किती जागा मोकळी आहे ते फूटपट्टीने मोजा. एका स्लॉटला साधारण २ सेंटीमीटर लागतात.

परळची_मेघना:
उघडलं. आधी बोटभर धूळच निघाली, शेजारच्या चाळीचं पाडकाम चालू आहे. लांब स्लॉट एकच आहे, कडेचा. त्याच्या जागेला चिकटूनच पॉवर सप्लायचा डबा आहे, मधे जेमतेम दोन सेंटीमीटर. डब्यावर २४० वॅट लिहिलंय. आणलेल्या कार्डाची पट्टी मोजली, १२ सेंटीमीटर, आणि मशीनची मूळ पट्टी ८. फक्त पट्टी बदलून नाही का भागणार?

निनाद७:
नाही भागणार, कार्डाची हिरवी पाटीच उंच आहे. आणि जागा एकाच स्लॉटची, म्हणजे ए२००० बाद. तुमच्या कामाची दोन उरतात, टी१००० नाहीतर आरटीएक्स ए१०००. दोन्ही एका स्लॉटची, लो प्रोफाइल, ५० वॅटची. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात त्यामुळे वेगळी वायर नको. मी ए१००० घेईन, कारण त्यात रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारे, कोअर आहेत, टी१००० मध्ये नाहीत. टी१०००च घेतलंत तर खोक्यावर ८ जीबी वाचूनच घ्या, ४ जीबीचंही त्याच नावाने येतं.

स्थपती_ठाणे:
जागेचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग ए१०००च. दुकानातच खोकं उघडून छोटी पट्टी आहे का बघा, आणि त्याला चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टचे आहेत, मॉनिटर एचडीएमआय असेल तर ॲडॅप्टर तिथूनच घ्या.

केदार_डोंबिवली:
उद्या रविवार, उद्या जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. ग्रँट रोडला उतरून चालत जा, गाडी अजिबात नेऊ नका.

परळची_मेघना:
आज सोमवार, बदलून आणलं, ए१०००. वरचे पैसे भरले. पट्टी बदलताना एक बारका स्क्रू उडाला, अर्धा तास टॉर्च घेऊन फरशीवर शोधत होते. बसलं आणि झाकण लागलं!! पण दोनपैकी एकच मॉनिटर चालू होतोय, दुसऱ्यावर नो सिग्नल. कार्ड खराब आहे का? परत जाऊ का?

निनाद७:
थांबा, जाऊ नका. दुसऱ्या मॉनिटरची केबल कुठे लावलीय? नव्या कार्डात की मशीनच्या जुन्याच पोर्टला?

परळची_मेघना:
जुन्याच पोर्टला. ॲडॅप्टर एकच आणलाय मी.