मदत हवी आहे: रॅपियर मागांच्या कापलेल्या किनारीपासून प्लॅस्टिकचा दाणा करता येईल का?

नमस्कार,

इचलकरंजीत आमचे २४ रॅपियर माग (धोट्याऐवजी पट्टीने बाणा नेणारे) असून त्यांवर बहुतांशी ४० नंबरच्या सुताचे कॉटन कापड निघते. धोट्याच्या मागावर बाणा (आडवा धागा) काठाशी वळून परत येतो. रॅपियरवर मात्र प्रत्येक बाण्याची शेपटी कापडाबाहेर राहते, ती बाजूच्या चार-सहा दोऱ्यांत पकडली जाते आणि कात्री ती झालर सलग कापत जाते. या किनारीचे रोज १५ ते २० किलो वेस्ट साठते. त्यात बीम (ताण्याचा रूळ) संपताना उरलेला खळ लावलेला ताणा (उभे धागे) मिळवला की महिन्याकाठी सुमारे अर्धा टन माल होतो. सध्या तो चिंधीवाल्याकडे जातो. त्याला भाव मिळत नाही असे नाही, पण सुताच्या किमतीपुढे तो सांगण्यासारखा नसतो.

माझे मेहुणे जुन्या पोत्यांपासून पॉलिप्रॉपिलीनचा दाणा तयार करतात. त्यांच्याकडे सिंगल स्क्रूचा एक्स्ट्रुडर (प्लॅस्टिक वितळवून दोरीसारखे बाहेर ढकलणारे यंत्र) आणि एक लहान मोल्डिंग मशीन आहे. किनार व ताणा बारीक तोडून शेकडा २० या प्रमाणात दाण्यात मिसळावा आणि त्यातून आमच्याच खात्यात लागणारे, सुताचे कोन उभे ठेवायचे खुंट्यांचे ट्रे काढावेत, असा आमचा बेत होता. चार वेळा प्रयत्न केला. तोडलेले सूत कापसासारखे फुगून हॉपरच्या (माल भरायच्या नरसाळ्याच्या) तोंडाशी कमान धरते, आणि एका माणसाला काठी घेऊन सतत ढोसत राहावे लागते. बाहेर येणारी प्लॅस्टिकची दोरी करड्या-तपकिरी रंगाची असून तिला करपलेल्या भाकरीसारखा वास येतो. ट्रे निघाला, परंतु कोन अडकवताना पहिल्याच दिवशी दोन खुंट्या तुटल्या. तुटलेल्या जागी पाहिले तर आत बारीक पोकळ्या होत्या आणि मधोमध निरांजनातल्या वातीसारखा सुताचा कोरडा पुंजका होता, ज्याला प्लॅस्टिक शिवलेसुद्धा नव्हते.

बॅरलचे (स्क्रू फिरतो त्या तापत्या नळीचे) तापमान मेहुणे नेहमीप्रमाणे २३० अंशांवर ठेवतात. तापमान कमी केल्याने भागेल, की सुतावर आधी काही प्रक्रिया करावी लागेल, आणि मुळात सिंगल स्क्रूवर हे काम होण्यासारखे आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी काही वर्षे मोटारींच्या आतील पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात काम केले आहे, त्या आधारे लिहितो. आपल्या तीनही तक्रारींची कारणे निरनिराळी आहेत.

पोकळ्या पाण्यामुळे आल्या आहेत. नेहमीच्या हवेत १०० किलो कोरडा कापूस सुमारे साडेआठ किलो पाणी धरून असतो, पावसाळ्यात त्याहून अधिक. त्या पाण्याची बॅरलमध्ये वाफ होते. सूत १०० ते १०५ अंशांवर काही तास वाळवून गरम असतानाच वापरावे, आणि झालेला दाणाही मोल्डिंगपूर्वी पुन्हा वाळवावा, कारण तो पाण्याच्या टाकीतून निघालेला असतो. रंग आणि वास तापमानामुळे येतात. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते, तर कापसाचे सेल्युलोज २०० अंशांच्या पुढे करपू लागते. म्हणजे आपल्याला काम करायला जेमतेम ३०-३५ अंशांची पट्टी उरते. १८५-१९० च्या वर जाऊ नका आणि माल बॅरलमध्ये रेंगाळू देऊ नका.

पुंजक्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कापसाला पाणी प्रिय आणि पॉलिप्रॉपिलीनला त्याचे वावडे, त्यामुळे दोघे एकमेकांना धरत नाहीत. यासाठी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन कपलिंग एजंट (दोघांना जोडणारा दुवा) म्हणून शेकडा दोन ते पाच घालतात. मात्र ते तंतूच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचले तरच उपयोगी पडते. पिळाचे सूत सुटे न करता केवळ तोडले तर पीळ तसाच राहतो, आणि सिंगल स्क्रू तो उलगडू शकत नाही. त्यासाठी बाजूने माल भरण्याची आणि वाफ काढण्याची सोय असलेला ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंचा) एक्स्ट्रुडर लागतो.

माझे स्पष्ट मत असे की, आपण दाण्याच्या मागे लागू नये. वेस्ट पिंजून त्यात पॉलिप्रॉपिलीनचे तंतू मिसळावेत, नीडल पंचिंगने (काटेरी सुयांनी टोचून तंतू गुंतवून) त्याची गादी करावी आणि ती तापवून साच्यात दाबावी. तंतू लांब राहतात आणि हॉपरची कटकट संपते. पूर्व जर्मनीत १९५७ पासून निघालेल्या ट्राबांट मोटारीचे बाह्यांग कापसाचे वेस्ट आणि फिनॉलिक रेझिन यांचे थर असेच दाबून केलेले असे. ते रेझिन पुन्हा वितळत नसल्याने जुन्या गाड्यांची विल्हेवाट ही पुढे डोकेदुखी ठरली. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ती अडचण तेवढी नाही. गादीतून उंच खुंट्या मात्र निघणार नाहीत. ट्रेचा तळ दाबून करावा आणि खुंट्या साध्या दाण्याच्या काढून बसवाव्यात. इचलकरंजीतच डीकेटीई या वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी महाविद्यालयात नॉनवोव्हनचे (न विणता केलेल्या कापडाचे) केंद्र आहे, तेथे चौकशी करावी. ताकदीच्या चाचण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचे सिपेट (प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची केंद्र सरकारची संस्था) आहे.

प्रतिसाद २

सूतगिरणीत आयुष्य गेले, म्हणून एकच गोष्ट सांगतो. किनार आणि ताणा एकत्र करू नका. किनारीतला बाणा बिनखळीचा असतो. ताण्यावरची खळ सुतातले तंतू एकमेकांना चिकटवून ठेवते, शिवाय स्वतः लवकर करपते. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणून एक थेंब टाका. जेथे स्टार्च असेल तेथे सूत निळे-काळे पडेल. तसेच किनार धरणाऱ्या दोऱ्या कॉटनच्या आहेत की पॉलिएस्टरच्या, हे एक टोक जाळून पाहा. कागदासारखा वास आणि राख असेल तर कॉटन, कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळते, म्हणजे तुमच्या बॅरलमध्ये त्या दोऱ्या अखंड राहून स्क्रूला गुंडाळल्या जाणार.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आयोडीनचा थेंब आजच टाकून पाहिला. किनार पिवळसरच राहिली, ताण्याची टोके क्षणात काळी पडली, आणि आम्ही चारही वेळा दोन्ही प्रकार एकाच पोत्यातून घेतले होते. दोऱ्यांचा मणी झाला. त्या पॉलिएस्टरच्याच आहेत. मेहुण्यांनी स्क्रू उघडला तेव्हा अगदी तशाच दोऱ्यांची वेटोळी निघाली होती, त्यांचा उलगडा आता झाला.

उद्यापासून ताण्याचे पोते वेगळे ठेवतो आणि डीकेटीईत किनारीचा नमुना घेऊन जातो. एक शंका उरते. किनारीतून या दोऱ्या हाताने ओढून काढायला बाईमाणूस लावले तर मजुरीच परवडणार नाही. पिंजण्याच्या यंत्रात पॉलिएस्टरच्या दोऱ्या तशाच जाऊ दिल्या तर त्या सिलिंडरला (दातेरी रोळाला) गुंडाळतील का, की त्यांऐवजी मागावर कॉटनच्या दोऱ्या भराव्यात? कॉटनची दोरी वारंवार तुटून माग थांबेल, अशी आमच्या जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) तक्रार आहे.